सिनेमातल्या गाडीचे शॉकअप

चारकोपला आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे सेक्टरांना नंबर मिळाले होते, पण रस्ता म्हणावं असं फारसं काही नव्हतं. ऐंशीचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. आखून मिळालेल्या चिमुकल्या प्लॉटांवर जो तो आपल्या कुवतीप्रमाणे भिंती उभ्या करत होता. दिवसा कारखान्यात जाणारा माणूस संध्याकाळी गवंडी व्हायचा आणि रविवारी सुतार. आमच्या घरावरचे पत्रे माझ्या नवऱ्याने स्वतः चढवले होते आणि ते नेमके स्टोव्हच्या वर गळायचे. त्यामुळे पुढे त्याने गाडीचे शॉकअप घरीच बदलायचं ठरवलं तेव्हा गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. भीती वाटली ती फक्त मला.

गाडी मूळची टॅक्सी. नवऱ्याच्या मामांनी ती आयुष्यभर चालवली आणि कायमचे गावी जायला निघाले तेव्हा भाच्याच्या हाती चावी ठेवली. मीटर निघाला, काळ्या-पिवळ्यावर निळा रंग चढला, पण दार उघडलं की कडेने पिवळा डोकवायचाच. स्टेशनवर ती उभी केली की लोक सरळ दार उघडून आत बसायचे आणि 'गोराई' म्हणायचे. नवऱ्याला याचा राग यायचा. मला हसू यायचं, म्हणून मग त्याला माझाही राग यायचा.

मी तेव्हा तिसऱ्यांदा गरोदर होते. आधीच्या दोन वेळा हाती काही लागलं नव्हतं. पहिल्या वेळचं मी घरातच गमावलं आणि मग भरती झाले. दुसऱ्या वेळी मी रिक्षाने अंधेरीला डॉक्टरीणबाईंकडे निघाले होते. जोगेश्वरीच्या फाटकात रुळांवरून रिक्षा उडत गेली, आणि पलीकडच्या बाजूला पोचेपर्यंत मला कळलं होतं की संपलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर परोपरीने समजावलं की धक्क्याने असं होत नाही, गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे, ते व्हायचंच होतं. मी मान डोलावली. पण माझ्या मनात त्या रुळांचा आवाज पक्का बसला होता आणि कुठल्याही शास्त्राने तो निघणार नव्हता.

या खेपेला त्यांनी गर्भाशयाच्या तोंडाला वेळेवर टाका घातला आणि बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. दर पंधरवड्याला तपासायला मात्र यायला हवं. येणं झेपणार नसेल तर आत्ताच भरती व्हा, असं त्या म्हणाल्या. म्हणजे महिनोन्‌महिने त्याच वॉर्डात, जिथे दोन वेळा मी रिकामी पडून आजूबाजूच्या पाळण्यांतलं रडणं ऐकलं होतं. मी नाही म्हटलं. तिथे पडून राहिले असते तर टाका राहिला असता, मी राहिले नसते. तेव्हा प्रश्न एवढाच उरला की चारकोपपासून अंधेरीपर्यंत मला न हादरवता कसं न्यायचं. रिक्षाचं नाव काढायचं नव्हतं, आणि आमची गाडी खड्ड्यात गेली की पुढच्या खड्ड्यापर्यंत नाचत राहायची.

गाडी का नाचते हे मला तोवर माहीत नव्हतं. माझा समज असा की स्प्रिंग असते म्हणून धक्का बसत नाही. नवऱ्याने मला खाटेशी बसून समजावलं. स्प्रिंग धक्का गिळते हे खरं, पण एकदा दबली की ती उसळते, मग पुन्हा दबते, पुन्हा उसळते. तिला आवरायला शेजारी एक नळी लावतात, तिच्यात तेल असतं आणि तेलातून एक दट्ट्या वरखाली होतो. तेल त्याला पटकन हलू देत नाही. तो शॉकअप. आमच्या गाडीच्या शॉकअपमधलं तेल कधीच गळून गेलं होतं, नुसत्या नळ्या लोंबत होत्या.

बाजारात नवे मिळत होतेच. पण नवरा एका टूलरूममध्ये टर्नर होता आणि त्याच्याकडे गोरेगावचा एक माणूस कामं घेऊन यायचा. हा माणूस स्टुडिओत सिनेमासाठी गाड्या उडवायचा. खोक्यांच्या ढिगावरून, पुलावरून, एकदा म्हणे कोंबड्यांच्या खुराड्यातून. त्याची अशी एक गाडी चेपून भंगारात गेली होती, पण तिचे परदेशी शॉकअप शाबूत होते, आणि ते साधे नव्हते. त्यांची ताकद कमी-जास्त करता यायची. नवऱ्याने ते चारही शॉकअप गोणपाटात गुंडाळून घरी आणले आणि माझ्या खाटेखाली ठेवले, कारण घरात दुसरी कोरडी जागा नव्हती.

सासूबाईंना हे मुळीच पसंत पडलं नाही. पडद्यावर ज्या गाडीतले गुंड मरतात त्या गाडीचं सामान सुनेच्या खाटेखाली, असं त्यांचं म्हणणं. त्या मालवणकडच्या. माझे सासरे गिरणीतून घरी बसले आणि नंतर गेले, तेव्हापासून घरातलं शुभ-अशुभ सगळं त्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी त्या गोणपाटावर हळद-कुंकू वाहिलं आणि मगच माझ्या खाटेखालून केर काढला.

या घरात तेव्हा एक नियम होता, कुणी सांगितलेला नव्हता पण सगळे पाळायचे. पोटातल्या बाळाबद्दल बोलायचं नाही. शेजारणीने विचारलं तर सासूबाई सांगायच्या, "तिका बरा नाय." डोहाळे विचारायचे नाहीत. कुठला महिना लागला ते मोठ्याने म्हणायचं नाही. झबली-टोपडी तर दूरच, जुनं मऊ लुगडंही फाडून ठेवायचं नाही. नवरा डॉक्टरीणबाईंकडून औषधं घेऊन आला की त्याची आई विचारायची, "काय म्हणता ती?" आणि तो म्हणायचा, "ठीक आसा." काय ठीक आहे ते दोघंही बोलायचे नाहीत. मीही त्यात सामील होते. दोनदा तोंड पोळल्यावर कोण बोलणार?

रविवारी काम निघालं. माझी खाट खिडकीला लावलेली होती, त्यामुळे मला सगळं दिसायचं, फक्त उशी उंच करून घ्यावी लागे. गल्लीत दुपारपर्यंत सावली असायची. नवऱ्याने जॅकवर गाडीचं मागचं अंग उचललं, खाली लाकडी ओंडके सारले, चाकं काढली. चाकांशिवायची गाडी मी तोवर पाहिली नव्हती. ती एकदम लहान आणि केविलवाणी दिसली. मग तो तिच्या खाली सरपटत गेला आणि बाहेर फक्त त्याचे दोन पाय उरले.

त्या पायांकडे बघत मी कितीतरी वेळ पडून होते. एवढं लोखंड त्याच्या छातीवर टांगलेलं आणि मधे दोन ओंडके. त्याला मी हाक मारून 'निघ बाहेर' म्हणणार होते, पण तेवढ्यात तो आतून गुणगुणायला लागला. आम्ही लग्नाआधी एकाच कारखान्यात होतो, मी पॅकिंगला आणि तो लेथवर. तेव्हाही काम मनासारखं चाललं की तो असाच बेसूर गुणगुणायचा. या माणसाला मी कारखान्यात अरे-तुरे करायचे आणि सासूबाईंसमोर अहो-जाहो. त्या दिवशी त्याचे नुसते पाय बघून मला त्याच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर हाच शब्द आहे. लग्नात लाजाहोमाच्या वेळीसुद्धा तसं वाटलं नव्हतं.

जुने नट गंजून एकजीव झाले होते. रॉकेल पाजून ठेवलं, पान्याच्या दांड्यात नळाचा तुकडा अडकवून जोर लावला, तेव्हा एक सुटला आणि दुसरा तुटला. तुटलेला नवऱ्याने दुसऱ्या दिवशी कारखान्यात बनवून आणला. रबरी वायसर सडले होते, ते सासूबाईंच्या स्लिपरच्या तळव्यातून कापले गेले. हे त्यांना न विचारता झालं. दोन दिवस त्या अनवाणी फिरल्या आणि मुलाशी बोलल्या नाहीत. पुढचे शॉकअप स्प्रिंगच्या पोटातून वर घालावे लागतात, त्यांना पुढचा अख्खा रविवार गेला. मागच्यांपेक्षा ते जिकिरीचे. पण मी बसणार मागे, तेव्हा खरा जीव मागच्या दोघांत होता.

बसवण्यापूर्वी ते मऊ करायचे होते. सिनेमावाल्याने ते अगदी कडक करून ठेवले होते, उडी मारून गाडी जमिनीवर आपटली की मोडू नये म्हणून. फिरवायची रीत त्याने एवढीच सांगितली होती की दट्ट्या पार आत दाबायचा, आणि दाबलेला असतानाच फिरवायचा. आत कुठेतरी खाच लागते, ती डोळ्यांना दिसत नाही. नवऱ्याने खाटेशेजारी उकिडवं बसून, नळी जमिनीवर उभी धरून सगळ्या अंगाचा भार दिला. दट्ट्या इतका सावकाश आत जात होता की तो जातो आहे हेच कळत नव्हतं. घाम गळून त्याच्या नाकावरून नळीवर पडत होता. दोन्ही हात अडकलेले, तेव्हा तो मला म्हणाला, "तू फिरव. हळू."

मी खाटेवरून हात खाली सोडला आणि नळी धरली. थंडगार होती. फिरवली तर नुसतीच फिरली, काही लागेना. आणखी थोडी फिरवली. आणि मग आत, खूप आत, काहीतरी माझ्या बोटांना येऊन लागलं. फार बारीक. टक असा आवाजसुद्धा नाही, नुसता स्पर्श, लोखंडाच्या एवढ्या जाड भिंतीतून. माझ्या अंगावर काटा आला. "लागलं," मी म्हटलं, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. कुठल्या बाईच्या तोंडावर लोखंडाची नळी धरून असा भाव येतो, असं त्याला वाटलं असेल. मला वाटत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, कारण आमचा नियम होता. पण तसला स्पर्श त्या आठवड्यात मला दुसरीकडूनही व्हायला लागला होता, आणि त्याच्याबद्दल मी अजून कुणाला बोलले नव्हते.

सगळे शॉकअप पार मऊ करून बसवले. मऊ हाच त्या दिवसांत आमच्या घराचा मंत्र होता. माझ्याखाली तीन गाद्या, भात मऊ, बोलणं मऊ, दारसुद्धा मऊ लावायचं. तेव्हा गाडीही मऊ हवी याबद्दल दुमत नव्हतं. सासूबाईंनी गाडीपुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. एरवी त्यांचं गाऱ्हाणं ऐकण्यासारखं असायचं, देवाला काय हवं ते नाव-गाव-पत्त्यासकट सांगायच्या. त्या दिवशी मात्र त्या अडखळल्या. "बा देवा महाराजा," त्या म्हणाल्या, "ह्या गाडयेत जा काय असात, तेका सांबाळून ने आणि सांबाळून परत घेवन ये रे महाराजा." जा काय असात. गल्लीतल्या दोघातिघांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. मी खिडकीतून हात जोडले.

मग चाचणी. नवऱ्याचं म्हणणं बरोबर होतं की माझ्या जागी माझ्या वजनाचं काहीतरी ठेवून गाडी चालवून बघावी. घराच्या बांधकामातले दगड पडलेच होते, शिवाय तांदळाची गोण होती. दगडाचं नाव काढताच सासूबाई दारात आडव्या झाल्या. "तिच्या जाग्यार दगड ठेवचो नाय," त्या म्हणाल्या. गोण? तीही नाही. शेजारीण बसायला तयार होती, पण तिलाही नाही. पोटुशीच्या जागेवर तिच्याऐवजी काही ठेवलं तर तेच तिथलं होऊन बसतं, असं त्यांचं. ही रीत त्यांच्या गावची की त्या क्षणी भीतीपोटी सुचलेली, ते मी पुढे अनेकदा विचारलं, त्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटी त्या स्वतः मागच्या सीटवर एका टोकाला बसल्या, मांडीवर काठोकाठ भरलेली कळशी घेऊन, आणि माझी जागा रिकामी ठेवून गाडी गल्लीत फिरली. परत आल्या तेव्हा लुगडं जेमतेम ओलं होतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी आजही विसरले नाही. आम्ही जिंकलो होतो.

पंधरवडा भरला आणि आम्ही निघालो. मी मागे आडवी, सगळ्या गाद्या-उश्यांसकट, डोकं सासूबाईंच्या मांडीवर. चारकोपची गल्ली संपेपर्यंत छान वाटलं. मोठ्या रस्त्याला लागून गाडीने जरा वेग घेतला आणि पहिला खड्डा आला. धक्का खरंच बसला नाही. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर, आणि ती थांबेचना. वर्सोव्याच्या खाडीत मढला जाणाऱ्या होडीत मी लहानपणी बसले होते, तशी ती डुलत राहिली. दुसरा खड्डा पहिल्याचं डुलणं संपायच्या आत आला. मालाडच्या पुढे मी सीटची कड घट्ट धरून ठेवली. गोरेगावच्या अलीकडे एका मोठ्या खड्ड्यात गाडीचं मागचं अंग पार खाली बसलं आणि लोखंडावर लोखंड आपटलं. तो धक्का माझ्या मणक्यातून डोक्यापर्यंत गेला. मी ओरडले. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली आणि वळून माझ्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मला काही झालं नव्हतं. पण काही झालेलं नाही हे कळायला जो वेळ गेला, तो मी दोन्ही हातांनी पोट धरून, डोळे मिटून काढला. जोगेश्वरीचं फाटक अजून पुढे होतं. मी म्हटलं, परत फिरव. सासूबाईंसमोर पहिल्यांदाच मी त्याला अरे-तुरे केलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या संध्याकाळी नवरा कारखान्यातून फोन करून आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की चार दिवस थांबते, त्यात आली नाही तर मी तिला अँब्युलन्सने आणून भरती करते. सासूबाईंनी चौथी गादी शोधायला घेतली. नवरा दारात बसून होता, त्याचं गुणगुणणं बंद पडलं होतं. सिनेमावाल्याचे शॉकअप फेकून देतो, म्हणाला.

मला राग आला. फेकून देण्याचा नव्हे, चौथ्या गादीचा. आधीच्या तीन गाद्यांनी माझ्या कंबरेचं पार वाटोळं केलं होतं. मी त्यांच्यात रुतून बसायचे, कूस बदलायची तर दोघांनी ओढावं लागायचं. मी म्हटलं, मला गादी नको, खाली फळी द्या. मला मऊ नको, मला धरून ठेवणारं काहीतरी हवं. हे मी फळीबद्दल बोलत होते, आणि बोलता बोलता मलाच उमगलं की गाडीला पण तेच हवंय. तिला कुणी धरलेलंच नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, घट्ट कर. तो म्हणाला, सिनेमावाल्याने ठेवलेत तेवढे घट्ट केले तर तुझे दात पडतील. मी म्हटलं, तेवढे नको, थोडे थोडे करत जा, कुठे थांबायचं ते मी सांगेन.

"आणि बघूचा कसा?" तो म्हणाला. "त्या जाग्यार तर कोण बसूचा नाय."

"मी बसेन," मी म्हटलं. "जागा माझी आहे."

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. रिकाम्या जागेच्या हिशेबाने गाडी जुळवलीत म्हणून ती रिकामी असतानाच चांगली चालली, असं मी त्यांना म्हटलं, जरा तोडूनच म्हटलं. त्यांनी चौथी गादी घडी करून ठेवून दिली.

पुढचे तीन दिवस कारखान्यातून आल्यावर तो मागचे दोन्ही शॉकअप सोडवायचा, भार देऊन दाबायचा, मी खाटेवरून हात सोडून अर्धा आटा फिरवायचे, आणि तो ते परत बसवायचा. मग मला उचलून मागच्या सीटवर ठेवायचे, खाली फक्त एक गादी. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने गल्लीच्या टोकाला असलेल्या गिरणीपर्यंत जायची. पिठाच्या गिरणीसमोर एक खड्डा होता, तो आमचा कसोटीचा खड्डा. गिरणीवाला आम्हाला बघून पट्टा बंद करून बाहेर यायचा. पहिल्या अर्ध्या आट्याला गाडी अजून डुलत होती. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याच्या वेळी खड्डा आला, मी श्वास धरला, गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली.

थांबली म्हणजे थांबलीच. कुणी खांद्यावर हात ठेवून 'बस' म्हणावं तशी. खड्डा कळला, धक्का कळला, पण त्यानंतर काही नाही. मागे काही उरलंच नाही. मी तशीच पडून राहिले. माझ्या खाली, पत्र्याखाली, ज्यात कुणी बघू शकत नाही अशा नळीत तेलाने एक उसळी धरून जिरवून टाकली होती. ज्याने कुणी हे पहिल्यांदा शोधून काढलं त्याला माझ्यासारखी बाई माहीत असायचं कारण नव्हतं, तरी ते माझ्यासाठीच असल्यासारखं आलं होतं. आश्चर्य वाटायला माणसाला मोठमोठं काही लागतं असं मला आधी वाटायचं. देवळाचा कळस, समुद्र, असलं काहीतरी. मला ते गिरणीसमोरच्या खड्ड्यात वाटलं. मी नवऱ्याला म्हटलं, "हेच. आता हात लावू नकोस." सासूबाई म्हणाल्या, आणखी अर्धा बघूया का? मी म्हटलं, नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चारकोप, कांदिवली, मालाड. प्रत्येक खड्डा आला आणि गेला. गोरेगावचा तो मोठा खड्डाही लोखंडावर लोखंड न आपटता मागे पडला. नवरा आरशातून माझ्याकडे इतका बघत होता की शेवटी मी त्याला रस्त्याकडे बघ म्हणून दटावलं. मग जोगेश्वरीला फाटक बंद मिळालं.

गाडी उभी राहिली. समोरून मालगाडी चालली होती, संपता संपेना. पुढचं सगळं मला ठाऊक होतं. फाटक वर जाईल, सगळे एकदम घुसतील, मग ते रूळ. माझे दोन्ही हात पोटावर होते आणि ते गार पडले होते. सासूबाईंनी त्यांच्यावर आपला हात ठेवला. काम करून राठ झालेला हात, तळव्याला नारळाच्या किसाचा वास. फाटक वर गेलं.

नवऱ्याने सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. मागून हॉर्न वाजत राहिले, एकाने आईवरून शिवी दिली, त्याने वळूनही बघितलं नाही. मग त्याने गाडी सोडली. पहिला रूळ. गाडी चढली, उतरली, थांबली. दुसरा. चढली, उतरली, थांबली. मी प्रत्येक रुळाशी मरत होते आणि प्रत्येक रुळानंतर जिवंत होत होते. शेवटचा रूळ गेला. पलीकडे चढण होती, ती चढून गाडी सपाट रस्त्याला लागली, आणि त्या वेळी, आमच्या दोघींच्या हातांखाली, आतून एक लाथ बसली. चांगली सणसणीत. सासूबाईंचा हात उडाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. इतके महिने या गोष्टीला आम्ही नाव दिलेलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, पण आवाज अगदी रोजचा होता, बाजारातून काय आणायचं ते सांगताना असायचा तसा. पुढे वाकून त्या मुलाला म्हणाल्या, "येताना आपण चौघां असतलव. तेच्या हिशेबान फिरवन ठेव."

नवऱ्याने मान हलवली. पुढे बराच वेळ त्याने आरशात बघितलं नाही.

त्यानंतर त्या वाटेने आम्ही पुष्कळ वेळा गेलो. फाटकाची भीती पूर्ण गेली असं म्हणणार नाही, पण ती पोटातून निघून हातात आली, आणि हातात आलेली भीती माणूस वागवू शकतो. मुलगी झाली. दिवस पुरते भरून झाली. वॉर्डात पाळणा माझ्या खाटेशेजारी होता आणि रडणं त्यातून येत होतं.

घरी सोडायचं त्या सकाळी नवरा आला नाही. दुपार होत आली, सासूबाई कपड्यांचं बोचकं घेऊन दारात उभ्या, नर्स दोनदा विचारून गेली. शेवटी तो आला, धापा टाकत, हात पाठीमागे बांधून. मुलगी पुढे केली तर त्याने घेतली नाही. नुसता वाकून बघत राहिला. सासूबाईंनी विचारलं, हात कित्याक लपयतंस? त्याने हात पुढे केले. कोपरापर्यंत ग्रीसने काळे झाले होते.

"मागचे शॉकअप काढलेले," तो म्हणाला.

"आता कित्याक?"

"तूच सांगितलंस ना," तो म्हणाला, "येताना चौघां म्हणान."

मुलगी जेमतेम अडीच किलोची होती. तेवढ्याने शॉकअपला काही कळत नाही, हे त्याला आम्हा दोघींपेक्षा जास्त माहीत होतं. सासूबाईंनी बोचकं खाली ठेवलं, पदराचं टोक घेतलं आणि त्याचं एकेक बोट पुसायला लागल्या, कापडाने ग्रीस निघत नाही हे माहीत असून.